होमगार्डमध्ये नाव नोंदवताय? आधी कोण कोणाच्या हाताखाली ते समजून घ्या

होमगार्डमध्ये नाव लागलं म्हणजे नोकरी लागली, असं गावाकडे सर्रास धरून चालतात. तसं नाही. हे मानसेवी दल आहे. बंदोबस्ताला बोलावलं तर त्या दिवसाचा भत्ता, नाही तर आपली शेती. डिसेंबर 1946 मध्ये मुंबई प्रांतात हे दल उभं राहिलं आणि कारभार आजही मुंबई होमगार्ड अधिनियम, 1947 नुसार चालतो.

सगळ्यात वर मुंबईला महासमादेशक, म्हणजे वरिष्ठ आयपीएस अधिकारी. जिल्ह्याला जिल्हा समादेशक. हा पदभार सहसा अपर पोलीस अधीक्षकांकडे असतो. त्यांच्या कार्यालयातले केंद्र नायक पूर्णवेळ पगारी, आणि कागदाची खरी नाडी त्यांच्याच हातात. तालुक्याला पथक. पथकाचे समादेशक मात्र तुमच्यासारखेच मानसेवी, स्वतःचा कामधंदा सांभाळून पथक पाहणारे. त्यांना गाठायचं तर परेडच्या दिवशीच जा.

नोंदणी जिल्हा कार्यालयाकडून निघते, अर्ज ऑनलाइन. 2024 च्या नोंदणीत अटी अशा होत्या: वय 20 ते 50, दहावी पास, उंची पुरुषांना 162 आणि महिलांना 150 सेंमी. पुरुषांची छाती न फुगवता 76 सेंमी, फुगवून 5 सेंमी वाढली पाहिजे. धावणं पुरुषांना 1600 मीटर, महिलांना 800 मीटर, शिवाय गोळाफेक. मैदान काळ्या मातीचं असेल आणि आदल्या रात्री पाऊस झाला असेल, तर बुटाला चिखलाचे गोळे चढतात. सराव डांबरी रस्त्यावरच करू नका.

माणसं मैदानापेक्षा कागदात जास्त अडकतात. रहिवास पथकाच्या हद्दीतला लागतो. लग्न झालेल्या पोरींच्या दहावीच्या सनदेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, असं असेल तर जोडणारा पुरावा आधीच काढून ठेवा. खासगी नोकरी असल्यास मालकाचं ना हरकत पत्र लागतं. पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र तीन महिन्यांच्या आतलं हवं.

आता कळीचा मुद्दा. बंदोबस्तावर असताना हुकूम ठाणेदाराचा. त्या वेळी कायद्याने तुम्हाला पोलिसाचेच अधिकार आणि संरक्षण असतं. पण नाव कोणाचं लावायचं, परेडची हजेरी, भत्त्याचं देयक, हे सगळं पथक आणि जिल्हा कार्यालयाकडे. पैसे रखडले म्हणून ठाण्यात भांडून काही होत नाही. ठाण्यातून हजेरी प्रमाणित होऊन पथकात पोचली का, एवढं आधी पाहा. त्याच दिवशी सही घेतलेली बरी, नंतर ड्युटीवरचा हवालदार बदलतो. 2024 मध्ये कर्तव्य भत्ता दिवसाला 570 वरून 1083 रुपये करायचं ठरलं, त्यामुळे एक हजेरी चुकली तरी चांगलीच झळ बसते.

विदर्भातली अडचण वेगळीच आहे. गणपती, दुर्गा, दीक्षाभूमीवरचा धम्मचक्र प्रवर्तन दिन, हे बंदोबस्त सोयाबीन कापणीच्या आगेमागे येतात. यायला जमणार नसेल तर पथकाला आधी लेखी कळवा. न सांगता गैरहजर राहिलं की पुढच्या बंदोबस्ताच्या यादीत नाव खाली जातं आणि परेडला दांड्या मारणाऱ्याची बाजू कोणी घेत नाही.

तीन वर्षं सेवा झाली की पोलीस, वन आणि अग्निशमन भरतीत 5 टक्के आरक्षणाचा लाभ मिळू शकतो. त्याचं प्रमाणपत्र जिल्हा कार्यालयातून मिळतं. भरतीची जाहिरात येण्याची वाट न पाहता ते आधीच मागून ठेवा.