लेकराला तापाचं सिरप देता? आधी बाटली वाचा

लेकरू तापलं की आपल्या गावात पहिला प्रश्न, "किती पाजू?" पण बाप्पा, आधी बाटली तं पाहा. पॅरासिटामॉलच्या एका सिरपात 5 मिलीत 120 मिग्रॅ असते, दुसऱ्यात 250, अन् ड्रॉप्समध्ये एका मिलीतच 100, म्हणून शेजारणीनं सांगितलेलं माप तुमच्या बाटलीला चालेलच असं नाही.

हिशोब वजनावर करा. एका वेळी किलोमागे 10 ते 15 मिग्रॅ, म्हणजे 10 किलोच्या लेकराला जास्तीत जास्त 150, तेच 250 वाल्याचे 3 मिली, 120 वाल्याचे साधारण 6, ड्रॉप्सचे दीड. बाटली हलवा, सोबतच्या मापानंच द्या, घरचा चमचा नको. दोन डोसात निदान 4 तास, दिवसात 4 च्या वर नाही. सर्दीच्या सिरपातही बरेचदा पॅरासिटामॉल असते, दोन्ही सोबत पाजाल तं डबल होते, अन् हे कोणी पाहतच नाही.

मग लेकरू शांत असताना सदरा वर करून श्वास पूर्ण 1 मिनिट मोजा. 2 महिने ते वर्षापर्यंत 50 किंवा वर, 1 ते 5 वर्षात 40 किंवा वर असला तं पीएचसीत न्या. छाती आत ओढली जाते, दूध पीत नाही, झटके येतात, उठवूनही उठत नाही, तं सरळ 108. तीन महिन्यांच्या आतलं बाळ तापलं तर घरी औषध नाही, थेट दवाखाना.

मे महिन्यात उन्हातून आलेलं लेकरू तापून बरळत असेल तं ते उष्माघाताचं असू शकते, त्यावर पॅरासिटामॉल काम करत नाही. सावलीत न्या, अंग ओलं करून पंखा लावा, 108 ला फोन करा.