पृष्ठभागाला सामान्य रेषा

तांत्रिक भाषांतराचं माझं पहिलं काम भौतिकशास्त्राचं होतं. त्यात मी बिनधास्त लिहिलं, ‘आरशाच्या पृष्ठभागाला सामान्य रेषा काढा.’ तपासणाऱ्या बाईंनी समासात विचारलं, ‘असामान्य कशी काढतात?’

मूळ शब्द ‘नॉर्मल’. इथे त्याचा अर्थ लंब, अभिलंब. लॅटिनमध्ये ‘नॉर्मा’ म्हणजे सुताराचा गुण्या, काटकोन तपासायचं साधन, हे नंतर कळलं. म्हणजे काटकोन आधीचा. गुण्यात बसेल ते रीतसर, आणि रीतसर ते नेहमीचं, अशी पुढची वाटचाल.

खरी गंमत रसायनशास्त्रात. ‘वन नॉर्मल’ द्रावण म्हणजे लिटरभर द्रावणात पदार्थाचा एक ग्रॅम-सममूल्यभार (रासायनिक अभिक्रियेतल्या वाट्यानुसार ठरणारं ग्रॅममधलं वजन). साध्या मिठाचा तो ५८.५ ग्रॅम. आणि रुग्णाला लावतात त्या ‘नॉर्मल सलाईन’मध्ये? लिटरमागे ९ ग्रॅम मीठ. म्हणजे रसायनाच्या हिशेबात जेमतेम ०.१५ नॉर्मल! वैद्यकातल्या त्या नावाचा या मापाशी संबंध नाही. एकाच मजकुरात प्रयोगशाळा आणि रुग्णालय दोन्ही आली, की मी अजूनही आकडे दोनदा पाहतो.

संख्याशास्त्रात ‘नॉर्मल’ वितरण म्हणजे घंटेच्या आकाराचा वक्र. सरासरीच्या दोन्ही बाजूंना एका प्रमाण विचलनाच्या (नोंदी किती विखुरल्या आहेत त्याच्या मापाच्या) आत सुमारे ६८ टक्के नोंदी. बाकीची वितरणं बिघडलेली असतात असं मुळीच नाही. डेटाबेसवाल्यांचं नॉर्मलायझेशन आणखी वेगळं: तीच माहिती दोन ठिकाणी साठू नये म्हणून तक्ते फोडणं.

नव्याने या कामात येणाऱ्यांनी आधी शब्दाचे शेजारी पाहावेत, शब्दकोश मागाहून. ‘नॉर्मल टू’ दिसलं की बहुधा लंब. ‘टू नॉर्मल’ दिसलं तर बहुधा पूर्ववत. आधी आकडा असेल तर रसायन. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश विषयवार आहेत ते उगाच नाही. योग्य विषयाचा कोश उघडला की निम्मं काम झालं. सर्वसाधारण शब्दकोशात हवा तो अर्थ खाली कुठेतरी दडलेला असतो, आणि घाईत आपण पहिलाच उचलतो. मी उचललाच होता.

माझ्या वहीत ‘नॉर्मल’ला आता अख्खं पान आहे. परवा भूशास्त्राच्या मजकुरात ‘नॉर्मल फॉल्ट’ आला. तो प्रस्तरभंगाचा, म्हणजे भेगेवरून खडक सरकण्याचा, एक प्रकार. ‘नेहमीची चूक’ असं लिहावंसं वाटलं नाही, एवढी प्रगती आहे.