बाळाची वाढ मागे पडल्यास : खेड्यातून उपचारांची सांगड कशी घालावी

दीड वर्ष पूर्ण होऊनही बाळ चालत नसेल किंवा हाक मारल्यावर वळून बघत नसेल, तर 'आपोआप होईल' या भरवशावर दिवस काढू नयेत, कारण मेंदूची जडणघडण पहिल्या तीन वर्षांत सर्वांत वेगाने होते. प्रथम अंगणवाडीताईंना आणि आशाताईंना सांगावे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीस येते. मात्र ते नुकतेच येऊन गेले असेल, तर पुढच्या फेरीची वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्रातून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रासाठी (वाढ मागे पडलेल्या बाळांची तपासणी आणि उपचार करणारे सरकारी केंद्र) चिठ्ठी घ्यावी.

खरी कसोटी त्यानंतर लागते. फिजिओथेरपी, वाचा उपचार आणि श्रवण तपासणी वेगवेगळ्या दिवशी ठेवल्यास कापूस वेचणीच्या हंगामात आईची मजुरी बुडते आणि फेऱ्या थांबतात. म्हणून सर्व तपासण्या एकाच दिवशी मिळाव्यात, अशी विनंती आधीच करावी आणि परतीच्या एसटीची वेळही सांगावी. एका वहीत तारीख, शिकवलेला व्यायाम आणि बाळाचा प्रतिसाद लिहावा, तसेच ही वही माता-बाल संरक्षण कार्डासोबत प्रत्येक वेळी न्यावी. व्यायाम आजीलाही शिकवावा, कारण दिवसभर बाळ बहुधा तिच्याच मांडीवर असते. अंगणात बाळाच्या कमरेइतक्या उंचीवर बांधलेले दोन समांतर बांबू उभे राहण्याच्या सरावास पुरतात. त्यांची उंची मात्र थेरपिस्टना विचारूनच ठरवावी.