यंत्राखाली रबर घालण्याआधी: हादरे जमिनीत जाण्यापासून कसे रोखावेत

पंप किंवा पंखा हादरायला लागला की त्याच्या पायाखाली रबराचा तुकडा सरकवला जातो. कधी कधी त्याने हादरे उलट वाढतात आणि दोष रबरावर येतो. खरं तर वजनाखाली ते रबर किती दबतं, हे कुणी मोजलेलंच नसतं. ते मोजलं की बाकीचं गणित सोपं आहे.

1. धक्क्यांचा वेग काढा. फिरणाऱ्या भागाचं वजन मध्यावर नसेल तर दर फेऱ्याला एक धक्का बसतो. नेमप्लेटवरचा आरपीएम (मिनिटाला किती फेरे) 60 ने भागा. 1440 आरपीएम म्हणजे सेकंदाला 24 धक्के, म्हणजेच 24 हर्ट्झ. यंत्राला याच तालावर हलावं लागतं, म्हणून हे प्रेरित कंपन. असंतुलनाचं बल वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतं, त्यामुळे आधी बॅलन्सिंग करून घ्या आणि सैल बोल्ट आवळा.

2. बैठकीचा, म्हणजे यंत्राखालच्या स्प्रिंगचा किंवा रबराचा, स्वतःचा ताल काढा. यंत्राच्या वजनाने ती किती मिलिमीटर दबते ते पट्टीने मोजा. त्या आकड्याच्या वर्गमुळाने 15.8 ला भागलं की नैसर्गिक वारंवारता, म्हणजे बैठकीवरचं यंत्र आपणहून सेकंदाला किती वेळा डोलतं ते, हर्ट्झमध्ये मिळते. 4 मिमी दबली तर सुमारे 8 हर्ट्झ. रबर कंप पावताना जास्त ताठ वागतं, त्यामुळे त्याची वारंवारता याहून थोडी वर धरा.

3. दोन्ही ताल ताडून पाहा. सगळं इथेच ठरतं. धक्क्यांची वारंवारता नैसर्गिक वारंवारतेच्या 1.41 पटीहून जास्त असेल तरच बैठक हादरे अडवू लागते. तिप्पट असेल तर जमिनीत साधारण आठवा हिस्साच बल उतरतं. आता उदाहरण म्हणून पातळ, ताठ पॅड बघा, जो फक्त अर्धा मिलिमीटर दबतो. त्याची वारंवारता 22 हर्ट्झच्या आसपास येते, म्हणजे 24 च्या अगदी शेजारी. हा अनुनाद. इथे जमिनीला मूळ बलाच्या कित्येक पट बल बसतं. अशा पॅडपेक्षा यंत्र थेट भक्कम पायावर घट्ट बसवलेलं बरं!

4. अवमंदन, म्हणजे कंपनाची ऊर्जा शोषून ते शमवणं, बेताचं ठेवा. यंत्र सुरू आणि बंद होताना वेग अनुनादातून जातोच. तेवढ्या वेळात अवमंदन यंत्राला फार उसळू देत नाही. पण पूर्ण वेगावर तेच अवमंदन थोडं जास्त बल खाली पोचवतं.

5. आडवाटा बंद करा. मला सर्वांत जास्त आढळणारी चूक हीच. स्प्रिंग उत्तम निवडलेली असते आणि पाइप मात्र ताठ, थेट भिंतीत आवळलेला. हादरे मग त्या वाटेने जातात. पाइपला लवचीक जोड द्या, वायरला थोडी ढील ठेवा, यंत्राखाली अडकलेला खडा किंवा कचरा काढा.

शेवटी प्रत्येक पायाशी बैठक किती दबते ते पुन्हा मोजा. मोटरकडची बाजू जड असल्याने तिथे जास्त दबलं असेल, तर त्या बाजूला जास्त भार पेलणारी स्प्रिंग लावून यंत्र समपातळीत आणा.