घराण्याचे जुने कागद दफ्तरखान्यात कसे शोधावेत

दफ्तरखान्यात, म्हणजे जुने सरकारी कागद जपून ठेवणाऱ्या पुराभिलेखागारात, पहिल्यांदा जाणारा माणूस हमखास विचारतो, "आमच्या आडनावाचे काही कागद आहेत का?" मीही विचारलं होतं. टेबलामागच्या गृहस्थांनी चष्म्यावरून पाहिलं आणि उलट मलाच विचारलं, "गाव कुठलं तुमचं?"

सगळी गोम इथेच आहे. जुनी दफ्तरं आडनावांवर लावलेली नाहीत. ती गाव, परगणा (जुना महसुली विभाग), वतन (पिढीजात हक्क) आणि खातं यांच्यावर लावलेली आहेत. शिवाय आडनाव हा त्या काळी आजच्याइतका पक्का मामला नव्हता. कुलकर्णी, देशपांडे, पाटील, चौगुले, जोशी ही मुळात कामांची नावं. एका भावाकडे कुलकर्णपण राहिलं, दुसरा फडणिशीत गेला, की दोन पिढ्यांत दोन आडनावं. कागदात माणूस सापडतो तो स्वतःचं नाव, बापाचं नाव आणि गावातलं काम अशा तीन खुणांवर. त्या तीन हाताशी नसतील तर पुण्या-मुंबईची खेप फुकट जाईल.

सुरुवात घरातूनच

माळ्यावरची पेटी, देवघरातला डबा, काकांकडची पिशवी हे आधी उघडा. सनद किंवा ताम्रपट निघेलच असं नाही. निघतात ते गहाणखत, वाटणीपत्र, सावकाराची पावती, लग्नाची खर्चयादी, सारा भरल्याच्या पावत्या. यातला प्रत्येक कागद गावाचं आणि माणसांची नावं देतो, आणि आपल्याला हवं आहे तेच. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्याही विसरू नका. घरातलं कुणी कधी तिथे श्राद्धाला गेलं असेल, तर पिढ्यांची नावं गावासकट तिथे उतरलेली असतात. मूळ गाव सांगितलं की गुरुजी बरोबर ती वही काढतात.

पेटीतले कागद हाताळताना तीन गोष्टी करू नका: चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका, कडक उन्हात वाळवू नका. चिकटपट्टीचा गोंद काही वर्षांत पिवळा पडतो आणि अक्षरं घेऊन निघतो. घड्या कोरड्या मऊ ब्रशने झाडा, सावकाश उघडा, सावलीत सपाट ठेवून मोबाइलने फोटो काढा, आणि धुतलेल्या सुती कापडात बांधून ठेवा. कसर आणि वाळवीला ओल आवडते, म्हणून भिंतीला टेकलेलं कपाट नको.

मग तालुक्याची रेकॉर्ड रूम

२०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि कधी कुणी न पाहिलेली ही दालनं एकदम गजबजली. मोडी ही जुनी लिपी वाचणाऱ्याला त्या काळात जो भाव आला तो त्याआधी कधी आला नसेल! आपल्या कामाचं तिथे पुष्कळ असतं: जन्म-मृत्यूची नोंद असलेला गाव नमुना नंबर १४ (याला कोतवाल बुक म्हणतात), जुने फेरफार, आणि खासरा पत्रक, कडई पत्रक अशा जमिनीच्या जुन्या नोंदी. गावच्या शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टरही पाहा. एकोणिसाव्या शतकापर्यंत मागे जायला हा सगळ्यात सोपा जिना आहे.

छापलेलं आधी चाळा

पुढच्या पायरीला बरेच जण ओलांडून जातात. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी गावोगाव फिरून जमवलेली साधनं २२ खंडांत छापलेली आहेत. वासुदेवशास्त्री खरे यांनी मिरजेच्या पटवर्धनांचे कागद छापले. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० पासून पुण्याच्या पेशवे दफ्तरातून निवडून ४५ भाग काढले. पुष्कळ भागांना सूची आहे. चांगल्या ग्रंथालयात बसून दोन दिवस नुसत्या सूच्या चाळल्या, तर आपलं गाव कुठल्या प्रकरणात येतं ते कळतं आणि पुढचे दोन महिने वाचतात.

छापील ग्रंथात 'रोजनिशी' हा शब्द दिसला की हुरळून जाऊ नका. पेशव्यांची रोजनिशी म्हणून नऊ भाग छापलेले आहेत, त्यांत पेशव्याने रात्री दिव्याशी बसून मनातलं लिहिलेलं काही नाही. ती रोजकीर्द आहे: अमुक दिवशी अमक्याला किती दिले, कुठल्या गावाला काय आज्ञा गेली, कुणाची नेमणूक झाली. मराठी घरांच्या रोजनिश्याही बहुतेक अशाच. माझ्या आजोळी एक किर्दवही आहे. पानंच्या पानं तेल, मीठ, गूळ, सुपारी. मधेच सलग अकरा दिवस वैद्याच्या नावे आणे पडत राहतात, मग एके दिवशी देवीला सव्वा रुपया, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तेल, मीठ, गूळ. आजारी कोण होतं ते वही सांगत नाही. देवीचा सव्वा रुपया नवसाचा असणार, म्हणजे दुखणेकरी उठला, इतकं मात्र त्यातून निघतं. असल्या ओळी वाचायची सवय लावून घ्यावी लागते.

कुठल्या दफ्तरखान्यात जायचं

१८१८ पूर्वी, म्हणजे पेशवाई संपण्याआधी, आणि नंतर आपलं गाव कुणाच्या अमलाखाली होतं, त्यावर हे ठरतं. पेशवाईतलं गाव असेल तर पुणे पुराभिलेखागार. कौन्सिल हॉलजवळची ती जुनी दगडी इमारत अजूनही पेशवे दफ्तर म्हणूनच ओळखली जाते. करवीर राज्यातलं गाव असेल तर कोल्हापूर, भोसल्यांच्या नागपूर राज्यातलं असेल तर नागपूर. मराठवाड्यातल्या माणसाला हैदराबादची वाट धरावी लागते, आणि तिथे फारसी-उर्दू जाणणारा सोबती लागतो. गोव्यासाठी पणजीचं पुराभिलेखागार. त्याची परंपरा १५९५ पासूनची, आणि पोर्तुगीज कागदांच्या जोडीला तिथे मोडी कागदही आहेत. तंजावरच्या मराठी घराण्यांसाठी सरस्वती महाल ग्रंथालय आणि तिथला मोडी संग्रह. खाजगी घराण्यांनी स्वतः नेऊन दिलेले कागद बघायचे तर १९१० साली स्थापन झालेलं पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ आणि धुळ्याचं राजवाडे मंडळ ही दोन ठिकाणं चुकवू नयेत.

गावाचा जुना पत्ता आधी जमवून ठेवा. आजच्या तालुक्यांच्या यादीत गुंजणमावळ किंवा मुठेखोरे मिळणार नाही, आणि जुन्या कागदात आजचा तालुका मिळणार नाही. ब्रिटिशकालीन गॅझेटिअरमध्ये याची बरीच उकल होते.

पुण्यात गेलात आणि घराण्याकडे इनाम किंवा वतन होतं अशी नुसती ऐकीव गोष्ट जरी असली, तरी आधी इनाम कमिशनचे कागद मागा. १८५२च्या कायद्याने इंग्रज सरकारने इनामं तपासायला घेतली. प्रत्येक इनामदाराला हक्क सिद्ध करावा लागला. मग त्याने कैफियत लिहून दिली, वंशावळ जोडली, सनदांच्या नकला दिल्या. अनेक घराण्यांची इनामं या चौकशीत गेली, पण त्याच निमित्ताने चार-पाच पिढ्यांची हकीकत एका जागी लिहून राहिली. मात्र एक सावधगिरी हवी. कैफियत म्हणजे दावा. जमीन वाचवायला निघालेला माणूस मूळपुरुषाला थोडा अधिक जुना आणि अधिक पराक्रमी करतोच.

आत गेल्यावर

अर्ज, ओळखपत्र आणि विषय नेमका लिहिलेलं पत्र घेऊन जा. "घराण्याचा इतिहास" एवढंच लिहू नका. गाव, परगणा, सालं, वतनाचा प्रकार लिहा. वेळा, नकलांचे दर आणि फोटोची परवानगी फोनवर आधी विचारून घ्या. शाईचं पेन बाहेर ठेवा, शिसपेन्सिल न्या.

कागद येतात ते रुमालात. रुमाल म्हणजे चौकोनी कापडाची गाठोडी, आत पुडकी, पुडक्यात कागद. गाठ सोडली की जुन्या कापडाचा आणि धुळीचा एक वास येतो. नाक धरणारे मास्क आणतात, आणावाच. कागद तिरपा धरला तर काही ठिकाणी अक्षरांवर बारीक कण चमकतात. ती शाई टिपायला टाकलेली वाळू, दोनशे-अडीचशे वर्षं तिथेच चिकटून बसलेली. पुडक्यातला क्रम बदलू नका, कागद होता तसाच घडी करून ठेवा.

आणि पहिली ओळ उतरवायच्या आधी दफ्तराचं नाव, रुमाल क्रमांक, पुडक्याचा क्रमांक आणि कागदाचा क्रमांक लिहा. एकदा मी घाईत फक्त मजकूर उतरवला. तोच कागद पुन्हा गाठायला दोन पूर्ण दिवस गेले, आणि रुमाल आणून देणाऱ्या शिपायाचा चेहरा दुसऱ्या दिवशी बघवत नव्हता.

मोडी आणि तारखा

मोडी शिकायला लोक उगीच घाबरतात. पुराभिलेख संचालनालय आणि अनेक मंडळं वर्ग घेतात, अक्षरओळख पंधरा दिवसांत होते. खरी अडचण पुढे आहे. आधी आडवी रेघ ओढून तिला अक्षरं लटकवत जायची, ही लिहिण्याची रीत. शब्द सुटे नाहीत, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. म्हणून सुरुवात ठरीव मजकुरापासून करा. मायना ठरलेला असतो, शेवटही ठरलेला: 'बहुत काय लिहिणे', 'जाणिजे', 'मोर्तब सूद'. त्यावरून त्या लेखकाची अक्षरं पकडा आणि मग मधल्या मजकुरात शिरा. दोन दंड दिसले की शब्द तोडलाय असं समजा: मौ॥ म्हणजे मौजे, रा॥ म्हणजे राजश्री, सु॥ म्हणजे सुहूर, त्या काळी कागदात वापरला जाणारा सन.

तारखेपाशी भलेभले घसरतात. पेशवाईच्या कागदात साल अरबी शब्दांत आणि एकं आधी असं येतं. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार: ११६१. सुहूर सन मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलतो. जून ते डिसेंबरच्या तारखेला ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपतची लढाई याच सालातली, जानेवारीत झाली, म्हणून ११६१ अधिक ६०० म्हणजे १७६१. फसली या महसुली सनाला असेच ५९० किंवा ५९१, शकाला ७८ किंवा ७९. 'छ' हे अक्षर दिसलं की पुढे हिजरी महिन्यातली चंद्राची तारीख आहे: छ ५ रबिलावल. गंमत अशी की साल सौर आणि महिने चांद्र, त्यामुळे एखादा महिना एकाच सालात सुरुवातीला आणि शेवटी असा दोनदा डोकावतो. त्या वेळी जंत्री, म्हणजे तारखा जुळवायचं कोष्टक, उघडल्याशिवाय इसवी तारीख लिहू नका. मी एका वाटणीपत्राचं साल चुकवलं आणि पणजोबांचे वडील स्वतःच्या बारशाआधी सही करून बसले.

लिप्यंतर करताना, म्हणजे मोडी मजकूर देवनागरीत उतरवताना, शब्द जसा आहे तसाच उतरवा, शुद्धलेखन सुधारू नका. न लागलेल्या जागी टिंबं द्या, अंदाज कंसात लिहा. भाषा आज कळेल अशी करायची तर ती वेगळ्या पानावर. मोडी वाचून घ्यायला कुणाला पैसे देणार असाल, तर लिप्यंतरासोबत मूळ कागदाचा फोटो आणि रुमाल क्रमांक मागून घ्या. तो देत नसेल तर दुसरा माणूस बघा.

घरच्या पेटीतले कागद पुढे कुणाला द्यायचे असतील तर एखाद्या मंडळाकडे यादी करून, पोच घेऊन द्या, आणि स्कॅन केलेली प्रत सगळ्या भावंडांना आधीच वाटून टाका. नाहीतर मूळ कागद कुणाकडे राहायला हवे होते यावर पुढची दहा वर्षं लग्नाकार्यात बोलणी ऐकावी लागतात.