मालकाकडून थेट कॅम्पर व्हॅन भाड्याने घेताय? या चुका टाळा

कॅम्पर बघायला गेल्यावर आपण आधी काय बघतो? पडदे. मग गादी दाबून बघतो, बेसिनचा नळ सोडतो, फ्रिज उघडून आत हात घालतो आणि बायकोकडे बघून मान डोलावतो. दोन वर्षांपूर्वी मीही हेच केलं. वाकडच्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधून घेतलेली कॅम्पर उभी होती. चौघांची झोपायची सोय, भाडं कंपनीच्या कॅराव्हॅनपेक्षा बरंच कमी. दहा मिनिटांत चावी हातात पडली. दिवेआगरला रात्री दोन वाजता मिट्ट काळोखात घामाने निथळत बसलो, तेव्हा लक्षात आलं की आपण घर बघितलं, गाडी बघितलीच नाही.

नंबरप्लेटचा रंग न बघणं

सगळ्यात महागात पडू शकणारी चूक हीच. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे खाजगी वापराची गाडी. ती भाड्याने द्यायला परमिट नसतं, आणि परमिटशिवाय धंद्यासाठी गाडी वापरली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९२अ खाली पहिल्याच वेळी १०,००० रुपयांचा दंड आहे, कैदेचीही तरतूद आहे. दंड मालक बघून घेईल असं वाटत असेल, तर विम्याचं काय? खाजगी गाडीच्या पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ लिहिलेल्या असतात आणि भाड्याने दिलेली गाडी त्यात वगळलेली असते. ताम्हिणीच्या वळणावर गाडी कठड्याला घासली, तर विमा कंपनी हात वर करू शकते आणि मालक बिल तुमच्या हातात ठेवतो.

‘पोलिसांनी अडवलं तर मित्राची गाडी आहे म्हणा,’ हे वाक्य कानावर पडलं की चहा संपवून निघायचं. मला ते ऐकू आलं होतं आणि मी हसून मान डोलावली होती. त्या वेळी काही झालं नाही, हे निव्वळ नशीब.

पिवळी पाटी, काळी अक्षरं ही भाड्याची गाडी, बहुतेक ड्रायव्हरसकट मिळते. काळी पाटी, पिवळी अक्षरं ही स्वतः चालवायला भाड्याने देण्याची. १९८९ च्या रेंट-अ-कॅब योजनेत परवान्यासाठी किमान ५० गाड्यांची अट आहे, त्यामुळे काळ्या पाटीच्या गाड्या सहसा कंपन्यांकडेच दिसतात. एक-दोन गाड्या असलेल्या मालकाकडून घ्यायचीच असेल तर पिवळ्या पाटीची, त्याच्या ड्रायव्हरसकट घ्या. फक्त ड्रायव्हर रात्री कुठे झोपणार ते आधी ठरवा. चार बेडची गाडी, तुम्ही चौघं आणि पाचवे ड्रायव्हरकाका, हा घोळ रात्री साडेदहाला निस्तरायला लागू नये.

घरी बसूनच एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका. विमा, पीयूसी, फिटनेस यांच्या तारखा तिथे दिसतात आणि वाहनाचा प्रकारही. तिथे ‘कॅम्पर व्हॅन’ लिहिलेलं हवं. आत ओटा, शेगडी आणि बेड आहेत पण आरसीवर नुसती प्रवासी गाडीच असेल, तर तो बदल आरटीओकडे नोंदवलेलाच नाही. मग विम्याचा प्रश्न परत उभा.

‘बॅटरी रात्रभर चालते’ यावर विश्वास ठेवणं

आता त्या दिवेआगरच्या रात्रीबद्दल. मी विचारलं होतं, ‘बॅटरी किती?’ उत्तर आलं, ‘दोनशेची आहे दादा, रात्रभर चालते.’ माणूस खोटं बोलत नव्हता. त्याच्या डोक्यात दिवे आणि पंखा होता, माझ्या डोक्यात एसी.

हिशोब साधा आहे. १२ व्होल्टची २०० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे २,४०० वॅट-अवर. साधी लेड-ॲसिड असेल तर निम्मीच वापरावी, नाहीतर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. हातात उरले १,२००. एक टनाचा एसी चालताना साधारण हजार वॅट ओढतो. म्हणजे तासभर, फार तर सव्वा तास. त्यात फ्रिजही चालू. लिथियम बॅटरी असेल तर यापेक्षा बरंच जास्त निघतं, म्हणून बॅटरी ‘किती’च्या आधी ‘कुठली’ ते विचारा.

व्होल्ट दाखवणारा छोटा डिस्प्ले बहुतेक गाड्यांत असतो. लेड-ॲसिड बॅटरी विश्रांतीत असताना १२.७ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. एसी लावायचा तर बाहेरून वीज घ्यायची केबल गाडीत आहे का आणि मुक्कामाच्या ठिकाणी गीझरला असतो तसा मोठा तीन पिनांचा प्लग मिळेल का, हे फोन करून विचारा. रिसॉर्टच्या व्हरांड्यातल्या मोबाइल चार्जिंगच्या प्लगवर एसी लावलात तर आधी त्यांचा एमसीबी पडेल, मग मॅनेजर येईल.

अचानक सगळंच बंद पडलं तर घाबरू नका. आधी इन्व्हर्टरवरचं ओव्हरलोडचं बटण, मग बॅटरीजवळचा मेन स्विच आणि फ्यूज बघा. इंजिन चालू केल्यावर दिवे-फ्रिजची ही वेगळी बॅटरी चार्ज होतेच असं नाही. त्यासाठी वेगळी जोडणी लागते, ती आहे का ते मालकालाच विचारा. आणि काचा बंद करून, इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवून झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

गॅस आणि पाणी

एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की खाली साचतो. म्हणून जाळीचं भोक फरशीलगत असतं. बऱ्याच गाड्यांत त्यावर छान पायपुसणं टाकलेलं असतं. ते उचला. सांध्यांना साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर शेगडी पेटवायची नाही. पाण्याची टाकी १०० लिटरची असेल तर चौघांच्या आंघोळीतच ६०-७० लिटर संपतात, बाकी हिशोब तुम्हीच करा. सांडपाण्याची टाकी मात्र पवनेच्या काठावर रिकामी करू नका. तेच पाणी पिंपरी-चिंचवडच्या नळाला येतं.

टायर आणि उतार

अशा गाड्या महिनोन् महिने उभ्या असतात. टायरची नक्षी नव्यासारखी दिसते, पण रबर म्हातारं झालेलं असतं. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. २३१८ म्हणजे २०१८ सालचा २३ वा आठवडा. सहा-सात वर्षांपूर्वीचा टायर आणि बाजूला बारीक भेगा असतील, तर घाटात नेऊ नका. स्टेपनीचाही आकडा वाचा, ती हमखास सगळ्यात जुनी.

महाबळेश्वरहून परतताना कात्रजचा नवा बोगदा संपला की नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. तिथले अपघात पुणेकरांना सांगायला नकोत. डिझेल वाचवायला न्यूट्रलवर गाडी सोडणं हे त्यातलं एक नेहमीचं कारण. भरलेल्या टाक्यांची कॅम्पर नुसत्या ब्रेकवर उतरवलीत तर ब्रेक तापून निकामी होतात. लहान गिअरमध्येच उतरा. आणि छतावरच्या एसीसकट गाडीची उंची किती ते एका कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवा, म्हणजे हाइट बॅरिअरसमोर मनाशी अंदाज बांधत बसायला नको.

डिपॉझिट

किलोमीटर, डिझेलचा काटा, फास्टॅगमधली शिल्लक आणि चारही बाजू मालकासमोरच व्हिडिओत घ्या. ई-चलन नंतरही येतं, म्हणून ताब्यात घेतल्याची आणि परत दिल्याची तारीख-वेळ दोघांच्याही व्हॉट्सॲपवर असू द्या. मी चारही बाजूंचे फोटो काढले होते. छताचा नव्हता. परत दिल्यावर मालक शिडी घेऊन वर चढला आणि त्याला सोलर पॅनेलशेजारी ओरखडा दिसला. तो आमचा की आधीचा, देव जाणे. डिपॉझिटमधले चार हजार गेले. आता आमच्याकडची सेल्फी स्टिक फक्त त्या एका फोटोसाठी बॅगेत असते.