हवाई थर्मल कॅमेरा : खानदेशच्या उन्हात या चुका टाळा

मे महिन्यातली दुपार, जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर. थर्मल कॅमेरा लावलेला ड्रोन शेतावरून फिरतो, खाली बांधावर माणूस उभा आहे आणि पडद्यावर तो दिसतच नाही. मग सगळा राग कॅमेऱ्यावर निघतो, तो दुरुस्तीला जातो आणि दोष न सापडता परत येतो.

कॅमेऱ्याला तापमानाचा फरक लागतो. माणसाच्या त्वचेचं तापमान साधारण ३३-३४ अंश. मे महिन्यात भरदुपारी उघडी काळी जमीन त्याच्या कितीतरी वर तापलेली असते, म्हणून माणूस जमिनीपेक्षा थंड, म्हणजे पडद्यावर काळा दिसतो. ऑपरेटर मात्र पांढरा ठिपका शोधत बसतो. दिवस कलल्यावर जमीन निवत जाते आणि मधे अशी वेळ येते की माणूस आणि माती दोघांचं तापमान एक होतं. याला थर्मल क्रॉसओव्हर म्हणतात. सकाळी ऊन चढताना तो पुन्हा येतो. थंड मुलखातल्या पुस्तकांत तो सूर्यास्ताच्या आसपास सांगितलेला असतो. आपल्याकडे मे महिन्यात संध्याकाळी सातलाही हवाच चाळिशीच्या घरात असते, त्यामुळे तो बराच उशिरा येतो. म्हणून उन्हाळ्यात शोधाचं उड्डाण पहाटे, उजाडायच्या आत करा. चांगला कॅमेरा अंशाच्या विसाव्या भागाएवढा फरकही पकडतो. पहाटेचा चार-पाच अंशांचा फरक त्याला भरपूर झाला. दुपारी जावंच लागलं तर काळे ठिपकेही तपासा.

दुसरी चूक याच्याच पाठोपाठची. कॅमेरा ऑटो गेनवर (म्हणजे पडद्यावरची तापमानाची पट्टी आपोआप ठरवणाऱ्या सेटिंगवर) ठेवलेला असतो आणि चौकटीच्या कोपऱ्यात कुणीतरी कापसाच्या पऱ्हाट्या पेटवलेल्या असतात. त्या जाळापर्यंत सगळी पट्टी ताणली जाते आणि बाकीचं शेत एकाच राखाडी रंगाचं होतं. तापमानाची पट्टी हाताने बांधून घ्या, चित्र लगेच उघडतं.

नव्या पत्र्याचं छप्पर रात्री बर्फासारखं थंड दिसतं, कधी उणे आकडाही येतो. चकचकीत धातू स्वतःचं उष्णतेचं प्रारण फार कमी सोडतो आणि वरच्या निरभ्र आकाशाचं परावर्तन दाखवतो. गंजलेला पत्रा असा फसवत नाही. म्हणून पत्रा, विमानाचं ॲल्युमिनियम, नवी टाकी यांच्यावरच्या तापमानाच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका.

केळीच्या बागेत बिबट्या शोधताना पानांच्या आरपार दिसेल ही अपेक्षाच चुकीची. दाट पान म्हणजे थर्मल कॅमेऱ्याला भिंतच. फटींतून जे डोकावतं तेवढंच मिळतं, म्हणून एकाच जागेकडे दोन-तीन दिशांनी तिरकं बघा. आणि किती अंतरावरून किती दिसेल याचं गणित आधी करा. ६४० बाय ५१२ चा सेन्सर, १२ मायक्रॉनचा पिक्सेल (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), १९ मिलिमीटरची लेन्स. १२० मीटरवरून एक पिक्सेल जमिनीवर साधारण साडेसात सेंटिमीटरचा पडतो. बिबट्याच्या अंगाला लांबीत पंधराएक पिक्सेल मिळतात. काहीतरी आहे हे नक्की कळतं, ते कुत्रं की बिबट्या हे सांगायला खाली यावं लागतं.

विमानावर बसवताना

हीच तत्त्वं मोठ्या विमानालाही लागू आहेत. तटरक्षक दलाची डॉर्नियर २२८ विमानं कानपूरला एचएएलमध्ये (हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये) बनतात. नौदलाचं टेहळणी विमान पी-८आय बोइंग ७३७ या प्रवासी विमानावरून आणि हवाई दलाचं टेहळणी विमान ‘नेत्र’ एम्ब्रायर १४५ या प्रवासी विमानावरून घडवलेलं आहे. प्रवासी विमानाला टेहळणीचं करणं म्हणजे नवी उपकरणं ठेवायला जागा काढणं एवढंच, असा समज आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या मुलांत बराच आहे. खरी अडचण वेगळीच असते.

खिडकीच्या काचेआड थर्मल कॅमेरा ठेवणं ही सर्वांत घातक चूक. ८ ते १४ मायक्रॉनच्या लहरी साध्या काचेतून किंवा ॲक्रिलिकमधून जातच नाहीत. पडद्यावर दिसतं ते काचेचंच तापमान. त्यासाठी जर्मेनियमची खिडकी लागते. तिच्यावरचा लेप नाजूक असतो. धावपट्टीवरची काळी धूळ बसली की कोरड्या फडक्याने पुसू नका, ओरखडे कायमचे राहतात. आधी फुंकून धूळ उडवा, मग लेन्स टिश्यूला अल्कोहोल लावून हलक्या हाताने पुसा.

चित्र हलतं किंवा धूसर येतं, तेव्हा आधी कारण वेगळं करा. प्रोपेलरच्या ठरावीक आरपीएमलाच धूसर होत असेल तर माउंटचा, म्हणजे कॅमेरा बसवलेल्या बैठकीचा, रेझोनन्स (कंपनं जुळून वाढणं) आहे. आरपीएम बदलून खात्री करून घ्या. एकाच दिशेला वळवलं की थरथरत असेल तर इंजिनाच्या गरम धुराचा झोत कॅमेऱ्याच्या नजरेच्या आड येतोय, मग टरेटची (कॅमेऱ्याच्या फिरत्या घुमटाची) जागाच बदलावी लागते. भरदुपारी सगळीकडेच लहरतं, ती तापलेली हवा. तिथे यंत्राला हात लावू नका.

‘कॅमेरा चालूच होत नाही’ ही तक्रार कूल्ड, म्हणजे आधी थंड करावा लागणाऱ्या सेन्सरची. ३ ते ५ मायक्रॉनच्या लहरींवर चालणारे अनेक सेन्सर उणे १९६ अंशांच्या आसपास थंड व्हावे लागतात आणि त्याला काही मिनिटं जातात. उन्हात उभ्या विमानात कूलरला उष्णता बाहेर टाकायलाच जागा नसते, वेळ आणखी लांबतो. सावलीत, ग्राउंड पॉवरवर (जमिनीवरून दिलेल्या विजेवर) आधीच चालू करा. विमानाच्या जनरेटरवर किती भार शिल्लक आहे, हे माउंटची भोकं पाडण्याआधी मोजलेलं असावं.

सातपुड्याची एक खास चूक सांगायलाच हवी. जमीन सपाट धरून लक्ष्याचं स्थान काढलं तर तापीकाठी ठीक चालतं. जळगाव समुद्रसपाटीपासून दोनेकशे मीटरवर, तोरणमाळचं पठार हजाराच्या वर. कॅमेरा क्षितिजाखाली ३० अंशांत बघतोय आणि उंचीत ५०० मीटरची चूक झाली, तर दाखवलेला बिंदू साडेआठशे मीटरपेक्षा जास्त सरकतो. शोधपथक भलत्याच नाल्यात उतरतं. डिजिटल एलिव्हेशन मॉडेल (जमिनीच्या उंचीचा संगणकी नकाशा) भरल्याशिवाय डोंगरात उडू नका.

कागद मागे राहतात ती चूकही मोठी आहे. लष्करी विमानातल्या बदलांना सेमिलॅकची (लष्करी विमानांच्या उड्डाणयोग्यतेची संस्था) आणि नागरी विमानातल्या बदलांना डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) मान्यता लागते. प्रत्येक बदलानंतर वजन आणि गुरुत्वमध्याची नोंद नव्याने व्हायला हवी. ड्रोनवाल्यांनी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा हवाई क्षेत्राचा नकाशा उड्डाणाआधी उघडावा. ग्रीन झोनची, म्हणजे पूर्वपरवानगीशिवाय उडता येणाऱ्या भागाची, उंचीची मर्यादा १२० मीटर असली, तरी चालू विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती ६० मीटरच आहे, आणि जळगावभोवतीची बरीच गावं त्यात मोडतात.